साच्यातली सारजा

पौषातली सकाळ. पंचगंगेच्या संथ, श्यामल पाण्यावर धुक्याचं दुधाळ वस्त्र. काठच्या उसाला रुपेरी तुरे, तुऱ्यांवर दवाचे टपोरे थेंब, थेंबाथेंबात उगवतीचं केशर. दूर कुठं गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उकळत होता आणि त्याचा गोड, गरम, सोनसळी वास शिवारावर अलगद उतरत होता. असल्या सकाळी अंथरुणात लोळत पडणं म्हणजे शुद्ध करंटेपणा!

हौसाबाई लोळत नव्हती. ती कोंबड्याच्याही आधी उठली होती. न्हाऊनधुऊन, ठेवणीतलं हिरवंगार इरकली लुगडं नेसून, अंबाड्यात शेवंतीचं पिवळं फूल खोचून ती उंबऱ्यात उभी होती. तिचा नवरा ज्योतीराम मात्र अजून चहाच्या बशीवर फुंकर घालत बसला होता.

"लग्नाला निघालीस जणू, हौसे."

"आयला बघायचंय मला. उठा आता. ते बशी चाटायचं ऱ्हाऊ द्या."

आईला बघायचंय! वय वर्षं सहासष्ट, डोक्याचा पार कापूस झालेला, घरात पाच नातवंडं, आणि ही बाई आईला बघायला निघाली. हसू नका. हौसाबाईनं आईला कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं असणार, पण पाहिलेलं आठवायचं वय नव्हतं. ती दीड वर्षाची असताना आई तापानं गेली. कुंभारवाड्यातल्या बाईचा फोटो त्या काळी कोण काढतो? सारजा आली, मडकी थापली, माती वाहिली, लेक जन्माला घातली, आणि गेली. मागं चेहरा उरला नाही.

उरली फक्त एक गोष्ट. आजी सांगायची, मावश्या सांगायच्या, भांडणात आत्यासुद्धा सांगायची: "ह्या कार्टीनं आयचा डावा कान फाडला!" तान्ह्या हौसेनं दूध पिता पिता आईच्या डाव्या कानातलं कुडकं धरलं आणि असं ओढलं, की पाळी चिरून कुडकं हातात आलं. ती चीर पुन्हा सांधली नाही.

एवढीच आई. एक फाटका कान. त्या कानाभोवती हौसाबाईनं सहासष्ट वर्षं चेहरे रचून पाहिले. कधी गोरा, कधी सावळा, कधी हसरा, कधी रागावलेला. एकही चेहरा त्या कानाला बसला नाही, आणि तिला त्याचं फार वाईट वाटायचं.

आणि मग गेल्या दिवाळीत, अभ्यंगाचं तेल लावून घेता घेता, नव्वदी गाठलेली थोरली मावशी सहज बोलून गेली, "तुज्या आयचं डोस्कं काढलंतं की सायबानं मातीत. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

हौसाबाईच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. "सासष्ट वरसं गिळून बसलीस व्हय गं, थेरडे!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता मावशीच्या तेलकट गळ्यात पडून रडली.

साहेब म्हणजे शिल्पकार त्र्यंबकराव कसबेकर. चौकाचौकांत त्यांचे अश्वारूढ राजे, बागाबागांत त्यांच्या कलशधारिणी. सारजा त्यांच्याकडे नदीची मऊ, काळी, लोण्यागत मळलेली माती पाटीतून न्यायची. साहेबांना जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. त्यांची कार्यशाळा होती तशी जपलेली, कुलूपबंद. ती उघडायची वर्षातून एकच दिवस, त्यांच्या जन्मदिवशी, आणि तो दिवस आज होता.

वर्षातून एकच दिवस! मग सांगा, चहाला फुंकर घालत बसणाऱ्या नवऱ्याचा राग येईल की नाही?

एस.टी.तून उतरल्यावर हौसाबाई चालली नाही, धावली. मागून ज्योतीराम, धोतराचा सोगा सावरत, "आगं, आय काय पळून चाललीया व्हय!" म्हणत. चिंचेच्या सावलीतून, बोगनवेलीच्या जांभळ्या कमानीखालून, दगडी फरसबंदीवरून ती गेली आणि उंच, उघड्या, निळ्या दारात थबकली.

आणि आत?

आत शुभ्र होतं सारं. धवल, धूलिधूसर, धीरगंभीर. उत्तरेच्या प्रचंड खिडकीतून थंड, शांत, निःशब्द उजेड झरत होता आणि त्या उजेडात मुखांची दाटी उभी होती. जटाधारी ऋषी. मुकुटमंडित राजे. फेटेवाले पुढारी. मुरलीविना मुरलीधर. सिंहाचा जबडा. घोड्याचा एकटा उगारलेला पाय. खुंटीला साहेबांचा मातकट अंगरखा, खिशात अजून चष्मा. ओट्यावर कोरण्या, लाकडी पात्या, तारेचे वेटोळे, आणि मातीच्या एका वाळक्या गोळ्यावर बत्तीस वर्षांपूर्वीचा अंगठ्याचा ठसा. काल संध्याकाळी माणूस हात धुवायला उठला आणि येतोच आहे, असं सगळं होतं.

"या, आत या ना. चपला राहू द्या." साहेबांची कन्या शालनताई पुढे आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, खादीची साडी नेसलेल्या. बापाचं हे धूळभरलं राज्य त्यांनीच आजवर पुसून पुसून सांभाळलं होतं. प्रत्येक मुखाखाली त्यांच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी होती.

हौसाबाईनं नमस्कार केला न केला आणि थेट विचारलं, "माझी आय कुठं हाय?"

शालनताई गोंधळल्या. मग ज्योतीरामानं धापा टाकत, टोपी काढून, सगळी हकिकत सांगितली. माती नेणारी सारजा, मावशी, दिवाळी, फाटका कान.

"बाबा नावं लिहायचे नाहीत हो," शालनताई हळूच म्हणाल्या. "मोठ्यांची लिहायचे. बाकीच्यांची राहिली. मी खूप शोधलं, सापडली नाहीत. पण बघा तुम्ही. सावकाश बघा."

सावकाश? हौसाबाई? अहो, तिच्या जिभेलाही ते ठाऊक नव्हतं, मग पायांना कुठून असणार!

ती सुटलीच. या मुखाचा डावा कान, त्या मुखाचा डावा कान. फुलवाल्या पोरीचा कान. पाणवठ्यावरच्या म्हातारीचा कान. ओचा खोचून ती चौरंगावर चढली, वाकली, मान वाकडी करून मूर्तींच्या मागं डोकावली. एका महाराजांचा सुद्धा कान तिनं तपासला.

"आगं, त्यास्नी मिशा हायत्या!" ज्योतीराम म्हणाला.

"बाजूला व्हा. मधी येऊ नगा."

अखंड कान. सगळे अखंड. शुभ्र, सुबक, सुडौल, शंखाकृती कान, आणि एकाही पाळीला चीर नाही. तीस झाले, चाळीस झाले. लुगड्याचा हिरवा रंग पांढऱ्या धुळीनं फिकटला. शेवटच्या चौरंगापाशी हौसाबाई मटकन खाली बसली. तिच्या चेहऱ्यावरचं सकाळपासूनचं ऊन एकदम उतरलं.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई माझी आय हितं."

शालनताई तिच्याजवळ, त्या धुळीतच, मांडी घालून बसल्या. मग अचानक त्यांचे डोळे लकाकले.

"अहो, थांबा! ती बाई... पाटीत माती आणि कडेला मूल? मला आठवते आहे. नऊ वर्षांची होते मी. ती मूल इथं फरशीवर सोडायची, आणि ते पोर गपागपा माती खायचं! बाबा हसून हसून लोळायचे. ती तुम्ही?"

"म्याच आसणार," हौसाबाई नाक पुसत म्हणाली. "आजूनबी वास आला की तोंडाला पाणी सुटतंय."

"आणि तिचा चेहरा कसा हुता वं, ताई?" हे ज्योतीरामानं विचारलं. विचारताना त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला.

शालनताईंनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या घातल्या. "नाही हो आठवत. मुलांची नजर खाली असते. तिच्या पायांतली जोडवी आठवतात, टाचेच्या भेगांत बसलेली माती आठवते. वर बघायचंच राहिलं." आणि मग त्या उठल्या. "एक आहे. पण तो चेहरा नव्हे, साचा आहे. कधी भरलाच नाही. लोक बघतही नाहीत त्याच्याकडे."

पूर्वेकडच्या भिंतीवर, घोड्याच्या पायामागं, एका जाड खिळ्याला तो टांगला होता. बाहेरून ओबडधोबड, प्लास्टरचा ढेकूळ. आतून पोकळ. खाली चिठ्ठी: स्त्री, नाव अज्ञात.

हौसाबाई स्टुलावर चढली. साच्याला तिनं अगदी नाक लावलं. पण तिथं बघायला काय होतं? नाकाच्या जागी खळगा, ओठांच्या जागी चर, डोळ्यांच्या खोबणींच्या जागी उंचवटे. उलटी, रिती, अंधारी ओंजळ नुसती. कुणाचं मुख म्हणून ओळखावं असं त्यात काही नव्हतं.

"हात लावा," शालनताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे शब्द त्यांनी कुणालाही म्हटले नव्हते.

हौसाबाईची बोटं आत उतरली. पन्नास वर्षं मातीत वावरलेली, जाडीभरडी, जाणती बोटं. कपाळावरून गेली, गालावरून गेली, कानाच्या खळग्यात शिरली. कानाच्या पाळीशी थांबली. तिथं, बरोबर मधोमध, एक पातळ, उभी, कातर धार बोटाला लागली. पाळी जिथं चिरलेली असते, तिथं साच्यात अशीच धार उठते. हे कुंभारणीच्या बोटाला सांगावं लागत नाही.

"फाटका हाय!" ती किंचाळली. "अवो, कान फाटका हाय!"

दोन्ही हात तिनं डोळ्यांसमोर धरून बघितले. समोर बसलेल्या बाईचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो. आणि ही फाटकी पाळी तिच्या डाव्या हाताला होती.

"उजवा हाय," ती पुटपुटली. "माझ्या आयचा डावा हुता. ही दुसरीच कोण तरी हाय."

ती स्टुलावरून खाली उतरली. सगळी सकाळ, सगळं केशर, सगळी धावाधाव त्या एका उजव्या कानाशी येऊन आपटली होती. शालनताईंना तिच्याकडे बघवेना.

ज्योतीराम मात्र साच्याकडे बघत उभा होता. कान खाजवत. "हौसे," तो म्हणाला, "बेंदराचं बैल किती काढलीस गं आजपातूर?"

"आता बैलाचं काय काढलंसा मधीच!"

"सांग की. हजारांनी काढलीस. साच्यात बैलाचं डावं शिंग कुठल्या अंगाला आसतंय?"

हौसाबाईनं दोन्ही तळहात साच्यासारखे समोर उघडले आणि त्यांत बघितलं. दरवर्षी आषाढात, बेंदराच्या सणाला, अंगणभर, साच्यात माती दाबून दाबून तिनं गावासाठी बैल काढले होते. समोरून बघावं तर बैलाचं डावं शिंग आपल्या उजव्या हाताला, आणि साच्यात आतून बघावं तर डाव्याच हाताला. शेंबड्या वयापासून ठाऊक असलेली गोष्ट! आणि आज, नेमकी आज, आईच्या नादात ती कुंभारीण साचा काय असतो तेच विसरली होती.

"आगं बया बया बया!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "उलटं आसतंय की! डावाच हाय! डावाच कान हाय ह्यो!"

आणि मग काय सांगावं! ती हसली, ती रडली, तिनं ज्योतीरामाच्या पाठीत धपाटा घातला, तिनं शालनताईंना कडकडून मिठी मारली. पांढरी धूळ उजेडात भिरभिरत उठली. ती पुन्हा स्टुलावर चढली आणि त्या पोकळ पाळीत बोट ठेवून एवढंच म्हणाली, "आये, म्या फाडला गं तुझा कान. लई दुखलं आसंल."

शालनताईंनी पदरानं डोळे टिपले. "आता ऐका," त्या म्हणाल्या. "बाबांची एक रीत होती. साच्यात प्लास्टर ओतायचं, ते आवळलं की वरचा साचा छिन्नीनं टिपून टिपून फोडायचा आणि आतला चेहरा मोकळा करायचा. पण पहिला टोला बाबा कधी मारायचे नाहीत. ज्याचा चेहरा, त्याच्या हातचा पहिला टोला. राजा असो की माती वाहणारी बाई असो. हा साचा झाला आणि तुमची आई आलीच नाही. का आली नाही, ते आज कळलं मला. बाबा म्हणायचे, येऊ दे ती, मग भरू. म्हणून हा तसाच राहिला."

"मग?"

"मग काय! तुम्ही लेक तिची. पहिला टोला तुमचा. आज ओतू, दुपारपर्यंत आई हातात देते तुमच्या. घरी घेऊन जा."

घरी घेऊन जा! हौसाबाईच्या डोळ्यांपुढं घरातली देवळी उभी राहिली, कणगीच्या वरची, पश्चिमेच्या उन्हाची. तिथं आई. रोज सकाळी आई. भाकरी थापताना आई. "जावा, आणा छिन्नी!" ती म्हणाली. "लवकर आणा!"

शालनताई मुलीसारख्या लगबगीनं आतल्या खोलीत गेल्या. पातेल्यांचा, पिंपाचा, हातोडीचा आवाज येऊ लागला. हौसाबाई स्टुलावरून उतरली. लांबून एकदा बघावं, म्हणून चार पावलं मागं सरली.

आणि साचा भरला.

कुणी काही ओतलं नव्हतं. पण उत्तरेचा तो शांत, शीतल, शुभ्र उजेड पोकळीत उतरला आणि खळग्याचं नाक झालं, चराचे ओठ झाले, रित्या ओंजळीतून एक तरुण, रुंद कपाळाची, किंचित हसणारी बाई भिंतीबाहेर आली. वीस-बावीस वर्षांची. हौसाबाईच्या नातीच्या वयाची. तिचे ओठ हौसाबाईचे होते. हनुवटीवरची खळी हौसाबाईची होती.

हौसाबाईनं एक पाऊल डावीकडं टाकलं.

सारजेनं मान वळवली. डावीकडं.

हौसाबाई उजवीकडं सरली. सारजेची मान उजवीकडं आली. हळू, सलग, लाडिक. रांगत्या पोरावर नजर ठेवणाऱ्या आईनं काम करता करता वळवावी, अगदी तशी. हौसाबाई वाकली, तर आई खाली बघू लागली. हौसाबाई टाचा उंचावून उभी राहिली, तर आईनं वर पाहिलं.

मग जे सुरू झालं ते ज्योतीरामानं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. सहासष्ट वर्षांची बायको, हिरव्या लुगड्यात, पांढऱ्या मूर्तींच्या रांगेत, झिम्म्याला उभी राहिल्यासारखी इकडून तिकडं, तिकडून इकडं धावत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती. "बघतीया! माझ्याकडं बघतीया! कुठंबी गेलं तरी बघतीया!"

"हौसे, चक्कर यील."

"यिऊ द्या!"

शालनताई छिन्नी, हातोडी आणि प्लास्टरची पाटी घेऊन आल्या. छिन्नी त्यांनी दोन्ही हातांनी, ओटी भरावी तशी, हौसाबाईपुढं धरली.

हौसाबाई थांबली. धापा टाकत तिनं छिन्नीकडं बघितलं, मग भिंतीकडं. देवळी पुन्हा डोळ्यांपुढं आली, रिकामी.

"भरलं तर भरीव हुईल आय," ती हळूहळू म्हणाली. "हातात यील. पण मग समोर बघंल. नुसती समोर. म्या चुलीपाशी गेलं तरी दाराकडं बघंल, आन दारात गेलं तरी दाराकडंच. व्हय न्हवं?"

"हो," शालनताई म्हणाल्या. "भरीव मूर्तीची नजर जागची हलत नाही."

"मग फोडू नगा, ताई. ऱ्हाऊ द्या हिला अशी." तिनं छिन्नी हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. "सासष्ट वरसं कुणी वळून बघितलं न्हाई माझ्याकडं आयवानी. घरात आय नसली तरी चालंल मला. वळून बघणारी पायजे."

शालनताईंनी ओट्यावरची पेन्सिल उचलली. चिठ्ठी उलटी केली. सुरेख अक्षरात लिहिलं: सारजाबाई कुंभार. हिची लेक हौसाबाई. हौसाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं, आणि तिसऱ्यांदा ज्योतीरामाला.

ऊन चढलं आणि कललं. माणसं आली, बघून गेली. ज्योतीराम एकटाच साच्यासमोर गेला, डावीकडं सरला, उजवीकडं सरला, आणि गडबडीनं टोपी नीट करून परत आला.

"माझ्याकडंबी बघितलं तिनं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पार नखशिखांत."

"जावाय बघत आसंल. पसंत पडलासा का न्हाई, पुढच्या वरसाला इचारू."

निघताना हौसाबाईनं पाठ फिरवली नाही. देवळातून निघावं तशी ती मागं मागं चालली, एकेक पाऊल, एकेक पाऊल. ऋषींच्या मधून, राजांच्या मधून. ज्योतीरामानं तिचा दंड धरला होता. "मागं उंबरा हाय, संभाळ," तो सांगत होता.

ती उंबऱ्याशी थांबली, सारजा थांबली. ती बाजूला सरली, सारजा वळली. निळं दार हलकेच ओढलं गेलं, उजेडाची फट निमुळती झाली, निमुळती होत होत मिटली. आत उत्तरेचा शांत उजेड, उजेडात भिंत, भिंतीवर सारजा, आणि सारजेची नजर दाराकडं.